पाठमोरी

धाकटी फोन उजव्या कानाला का लावते, हा प्रश्न आईच्या डोक्यातून काही केल्या जाईना.

पोरगी डावखुरी. फोन आला की तो डाव्या हातात, डाव्या कानाला, आणि उजव्या हाताच्या नखांनी भिंतीचे पोपडे काढत तासन्‌तास गप्पा, हे शाळेत असल्यापासूनचं. त्या पोपड्यांवरून किती बोलणी खाल्ली होती तिने. आणि आता सुट्टीवर घरी आल्यापासून फोन वाजला की ती डाव्याच हाताने उचलायची, पण हनुवटीखालून वळसा घालून उजव्या कानाला न्यायची. जेवायला बसताना खिडकीजवळची आपली हक्काची खुर्ची सोडून कोपऱ्यातली धरायची, डावा खांदा भिंतीला टेकेल अशी. एरवी कधी आईने डावीकडून काही विचारलं, तर आधी नुसती हसायची आणि मग "हं?" करायची.

"तिचं काहीतरी बिनसलंय," आई बाबांना म्हणाली.

"तुला काय, शेजारचं मांजर शिंकलं तरी बिनसलेलं वाटतं," बाबा म्हणाले. "मोठी झाली ती. सवयी बदलतात माणसाच्या."

"सवयी बदलतात. पण डावखुरं माणूस एका रात्रीत उजव्या कानाचं नाही होत."

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंतीवरची अक्षरं वाचताना गिऱ्हाईक मान कुठल्या बाजूला कलती करतं, त्यावरून कुठला डोळा अधू आहे याचा अंदाज ती बांधायची, आणि तो सहसा चुकायचा नाही. घरात ती जे बघत होती ते काय आहे, हे तिला कळत होतं. फक्त मनाला कबूल करवत नव्हतं. कारण धाकटीचं काम कानांवर चालायचं, आणि ते काम पाण्यातलं होतं.

टीव्हीवर एक मालिका लागायची. समुद्रकिनाऱ्यावर एकटी राहणारी एक पोलीस अधिकारी बाई, आणि त्या किनाऱ्यावर दर भागाला एक मुडदा. इतके मुडदे सापडूनही लोक तिथे पोहायला जातातच कसे, असं बाबा दर वेळी विचारायचे आणि तरीही पहिल्या मिनिटापासून खुर्चीत असायचे. पुरावे गोळा व्हायचे, संशयितांचा गुंता व्हायचा, आणि आता काही खरं नाही असं वाटलं की ती बाई बोर्ड काखेत मारून पाण्यात शिरायची. लाटेवर उभी राहायची. तिथे, लाटेच्या पोटात, तिला खुनी कोण ते उमगायचं. लाटेवरची ती बाई कायम पाठमोरी दिसायची.

ती पाठ धाकटीची होती.

लहानपणी ही पोरगी जमिनीवर म्हणून सापडायची नाही. कपाटावर, फ्रिजवर, गॅलरीच्या कठड्यावर. आईचा अर्धा जन्म "खाली उतर" म्हणण्यात गेला. कॉलेज अर्ध्यावर सोडून ती किनाऱ्यावरच्या एका शेडमध्ये कामाला लागली. लोकांचे मोडके सर्फिंग बोर्ड तिथे दुरुस्तीला यायचे. भेगा भरायच्या, वाळल्या की कागदाने घासून गुळगुळीत करायच्या. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि अंगाला रसायनाचा वास. सकाळी शेड उघडायच्या आधी ती पाण्यात असायची. आईने पदवीचा विषय काढला की म्हणायची, "करते ना, लाटा थांबल्या की करते."

त्या शेडमध्ये एक दिवस मालिकेची माणसं आली. नटीला पोहता येत होतं, पण लाटेवर उभं राहणं तिला जमणारं नव्हतं. तिच्या जागी उभी राहणारी कुणीतरी हवी होती, डुप्लिकेट.

"काय विचारलं त्यांनी?" आईने त्या संध्याकाळी विचारलं.

"काही नाही. उलट्या वळा म्हणाले. वळले. झालं म्हणाले."

"म्हणजे तोंड बघितलंसुद्धा नाही?"

"तोंड आहे गं त्यांच्याकडे. पाठ कमी पडत होती."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आपल्या घरात परीक्षेला पाठ दाखवलेले पुष्कळ आहेत," ते म्हणाले, "पण पाठ दाखवून पास झालेली हीच पहिली."

तेव्हापासून ती शूटिंगच्या जागीच राहू लागली, घरी यायची ती सुट्टीला. रोज सकाळी उजाडायच्या आत धाकटीच्या डोक्यावर विग चिकटवला जायचा. नटीच्या मानेवर केसांच्या मुळाशी एक तीळ होता. मेकअपवाली तो रोज धाकटीच्या मानेवर रंगवायची. आईला पडद्यावर तो तीळ दिसला की कसंतरी व्हायचं. न्हाऊमाखू घातलेली मान ती, तिच्यावर कधी तीळ नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात धाकटीला गाठून म्हणायच्या, "अगं, खुनी कोण तेवढं तरी सांग, मी कुणाला बोलणार नाही." आणि धाकटी म्हणायची, "काकू, मला फक्त पाण्यातली पानं देतात वाचायला. मेलं कोण, तेसुद्धा मला तुमच्याकडून कळतं."

एकदा तिने आईला शूटिंग बघायला नेलं.

आधी आईने एक भलीमोठी पत्र्याची शेड बघितली. आत पाण्याने भरलेला हौद, त्यात एका लोखंडी दांड्यावर बसवलेला बोर्ड, बोर्डवर नटी. दोन माणसं दांडा हलवत होती, तिसरा बादलीने तिच्या तोंडावर पाणी मारत होता, आणि नटी डोळे बारीक करून खुन्याचा विचार करत होती. आईला हसू आवरेना. पण मधल्या वेळात नटीच टॉवेल गुंडाळून तिच्याजवळ आली. "तुम्ही तिच्या आई ना? मी पडद्यावर जी चालते, ती चाल तुमच्या मुलीची आहे हं. मागून बघून बघून उचलली." पोरीला कशी चालतेस, पाय घासत, म्हणून आई वर्षानुवर्षं रागावत आली होती.

मग ती किनाऱ्यावर गेली.

समुद्र त्या दिवशी मोठा होता. कॅमेरे वाळूवर, लांब नळ्या लावून उभे. त्या खडकापाशी लाट नेहमी एकाच बाजूला फुटायची, त्यामुळे धाकटी लाटेवर असली की किनारा आणि कॅमेरा तिच्या उजव्या हाताला, पाण्याची भिंत डाव्या हाताला. लाटेच्या पलीकडे, चित्रात येणार नाही अशा जागी, जेट-स्कीवर एक माणूस बसलेला असायचा. नाकाला पांढरं मलम फासलेला, गळ्यात शिट्टी. सगळे त्याला शिट्टीवालाच म्हणायचे. पाण्यात कुणाला काही झालं तर बाहेर काढणं हे त्याचं काम.

बराच वेळ काहीच घडलं नाही. मग लांबवर, पाणी आणि आकाश मिळतात तिथली रेघ एका जागी जाड झाली. आईला वाटलं ढग असेल. ती रेघ पुढे येऊ लागली तशी वाळूवरची माणसं बोलता बोलता थांबली. कुणाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. रेघेचा डोंगर झाला. डोंगर खडकापाशी आला आणि उभा राहिला, आणि त्याच्यातून उजेड आरपार दिसला, बाटलीच्या काचेसारखा हिरवा. त्या काचेच्या वरच्या काठावर एक ठिपका होता.

ठिपका उभा राहिला.

काठावरून तो खाली सुटला. ठिपक्याला पाय फुटले, उजवा पाय पुढे, गुडघे वाकलेले, पाठ दिसली. वर पाण्याचं छत वळत होतं, मागे सगळं कोसळत होतं, आणि ती पाठ त्या कोसळण्याच्या एक हात पुढे राहून चालली होती, घाई न करता. डावा हात तिने भिंतीला लावला होता. ओळखीच्या गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

घरात ओला टॉवेल पलंगावर टाकणारी, दार आपटणारी, चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं करणारी, ती ही? आईला वाटलं, हिला आपण जन्म दिला असेल, पण हे काही आपण दिलेलं नाही. हे हिने कुठून तरी, आपली पाठ वळलेली असताना, स्वतःच मिळवलं.

प्रसंगात शेवटी पडायचं होतं. कुणीतरी बोर्डशी खोडसाळपणा केलेला असतो, म्हणून अधिकारी बाई पडते. धाकटीने मान डावीकडे वळवली, पाण्याच्या भिंतीत तोंड खुपसलं आणि पडली. वर ते सगळं छत आलं. आवाज कानाआधी छातीत पोचला.

मग नुसता फेस. आई बघत राहिली. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. फेसातून जेट-स्की बाहेर आली तेव्हा शिट्टीवाल्याच्या मागे धाकटी बसलेली होती, विग कानावर आलेला. वाळूवर पाय टेकताच तिने कॅमेरावाल्याला विचारलं, "चेहरा दिसला?"

"नाही. एकदम साफ."

"मग झालं." आणि मग आईकडे बघून, "आई, अगं तुझे बूट!"

आई गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होती. कधी चालत गेली, तिला पत्ता नव्हता.

नंतर शिट्टीवाल्याने तिला तंबूत बसवून गरम चहा दिला. "सगळं हिच्या कानांवर चालतं बघा," तो म्हणाला. "एक लांब शिट्टी म्हणजे मागून मोठी येतेय, बोर्ड सोड आणि खाली जा. दोन आखूड म्हणजे बाहेर निघ. वळून तिला बघता येत नाही. वळली की चेहरा आला, चेहरा आला की टेक गेला. म्हणून मी कायम डावीकडे, आणि ती कान देऊन. दुसरी पोरं घाबरून वळतात. ही नाही वळत कधी." निघताना त्याने आपला नंबर दिला. "काळजी वाटली तर मला करा. तिला नका करू. ती तुम्हाला हसून गुंडाळेल."

आई त्या नंबराकडे बघून तेव्हा हसली होती.

आता, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, धाकटी गॅलरीत पाट टाकून बसली होती आणि निळ्या बोर्डवर पाय घसरू नये म्हणून लावलेलं जुनं मेण पट्टीने खरवडत होती. डावी बाजू स्वयंपाकघराच्या दाराकडे. आई दारात उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुझा हा बोर्ड मी विकायला काढलाय."

खरवडणं चालूच.

"गिऱ्हाईक संध्याकाळी येणारेय."

खर्र, खर्र. आई वळसा घालून उजवीकडे गेली आणि तेच वाक्य अगदी हळू म्हणाली.

"काय?" धाकटी ताडकन उठली. "कुणाला? विचारल्याशिवाय—" आणि मग तिने आईचं तोंड बघितलं. हातातली पट्टी खाली ठेवली. "पकडलंस. त्या टीव्हीवरच्या बाईपेक्षा तूच बरी."

"कधीपासून?"

"आधीच्या एका पडण्यात. कानाचा पडदा फाटलाय म्हणाला डॉक्टर. भरून येतो म्हणाला आपला आपण."

"पाण्यात जाऊनसुद्धा?"

धाकटीने बोर्डवरचा मेणाचा एक तुकडा उचलला.

"दर वेळी त्याच कानावर पडतेस तू," आई म्हणाली. तिला आता मालिकेतलं एकेक पडणं डोळ्यांसमोर दिसत होतं, सगळी डावीकडे, एकासारखं एक. "चेहरा लपवायला."

"मग काय कॅमेऱ्याकडे बघून हात हलवू?"

"थट्टा पुरे. पाण्याखाली काय होतं?"

"थंड पाणी आत गेलं की जरा गरगरतं." मेणाचा तुकडा ती बोटांत मळत होती. "वर कुठे, खाली कुठे, थोडा वेळ समजत नाही. मग मी बुडबुडे बघते. ते जातात तिकडे वर."

हे ती असं म्हणाली, जसं कुणी सांगावं की दिवा गेला तर मेणबत्ती लावते. आई तिच्याकडे बघत राहिली. राग येत होता, आणि रागाच्या खाली तेच त्या दिवशीचं, गुडघाभर पाण्यातलं.

"आणि शिट्टी?"

"ऐकू येते की. बहुतेक वेळा." धाकटीने नजर चुकवली. "मागे एकदा नाही आली. मोठी लाट डोक्यावर घेतली मी. तो ओरडला, म्हणाला, डोक्यात हवा गेली तुझ्या, शिट्टी मानत नाहीस. मी म्हटलं, सॉरी."

"खरं का नाही सांगितलंस?"

"कारण तो मला पाण्यात सोडणार नाही! आई, आता फक्त शेवटचा प्रसंग उरलाय. बाहेरच्या खडकावर. तिथली लाट रोज उठत नाही, कधी कधी वर्ष वर्ष नाही उठत. मी शेडमध्ये होते ना, तेव्हापासून तिची वाट बघतेय. कॅमेरा असो, नसो. मालिका गेली खड्ड्यात. ती एक लाट, मग मी डॉक्टर म्हणेल तितके दिवस घरात बसते. कापूस घालून बसते." तिने आईचे दोन्ही हात धरले, मेणाच्या चिकट बोटांनी. "कुणाला सांगणार नाहीस. म्हण."

"नाही सांगत," आई म्हणाली.

धाकटी कामावर परत गेली. बाबांना आईने सांगितलं, कारण कुणाला सांगायचं नाही यात बाबा येत नाहीत असं तिने ठरवलं. ते रिमोट हातात घेऊन बसले होते. पडद्यावर पाठ थांबवून ठेवलेली होती. हा त्यांचा जुना उद्योग.

"ती काय बुडणारेय?" ते म्हणाले. "पाणी ओळखतं तिला."

"पाणी कुणाला ओळखत नाही," आई म्हणाली.

मग एका दुपारी, दुकानात असताना, फोन आला. मागे वारा होता आणि धाकटीचा आवाज वाऱ्यापेक्षा वर. "आई! ती लाट येतेय! उद्या सकाळी! तू बघितलीस ना, तिच्या दुप्पट!" आई काही बोलायच्या आत तिने ठेवलासुद्धा. इतका आनंद आईने तिच्या आवाजात दहावी पास झाल्यावरही ऐकला नव्हता.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं, मालक दिवे मालवू लागले. आई म्हणाली, "जरा एक काम कराल माझं? ती काउंटरवरची घंटा घ्या आणि दुकानभर फिरत वाजवा."

"बाई, बरं आहे ना?"

"वाजवा तर."

तिने डोळे मिटले, डाव्या कानात बोट घट्ट घातलं आणि दुकानाच्या मधोमध उभी राहिली. टिंग. तिने बोट दाखवलं. टिंग. पुन्हा दाखवलं. मालक फिरत होते. त्यांच्या चपलांचा आवाजही सगळा एकाच बाजूने येत होता. टिंग. टिंग.

"कुठे दाखवताय?" मालक हसत म्हणाले. "मी पार इकडे, आरशाजवळ आहे. दर वेळी उजवीकडेच बोट करताय तुम्ही."

आईने डोळे उघडले. मालक तिच्या डाव्या हाताला उभे होते. ऐकू तर येत होतं. कुठून, ते येत नव्हतं. आणि इथे ना वारा होता, ना डोक्यावर पाण्याचं छत, ना एका हाताच्या अंतरावर कोसळणारं काही.

मालक गेल्यावर ती तपासणीच्या खुर्चीत बसली. समोर अक्षरांचा तक्ता, अजून उजळलेला. धाकटीला फोन लावला तर काय होईल, ते तिला अक्षरन्‌अक्षर माहीत होतं. ती हसेल, एखादी थट्टा करेल, बुडबुड्यांची गोष्ट पुन्हा सांगेल, आणि आपण विरघळू. आणि न विरघळलो तरी ती पाण्यात जाईलच. ती लाट तिच्याकडून काढून घ्यावी असं आईला वाटत नव्हतं, हेच तर अवघड होतं. जे आपल्याला वाळूवरून बघून बूट भिजेपर्यंत पुढे जावंसं वाटलं, त्याच्या आत ही उभी असते. ते हिचं आहे. पण त्या एवढ्या मोठ्या पाण्यात हिच्यासाठी एक माणूस शिट्टी घेऊन बसलेला असतो, आणि तो चुकीच्या बाजूला बसलाय, हे त्याला ठाऊक नाही.

शब्द मोडला म्हणून धाकटी बोलणं टाकेल. महिनाभर टाकेल, वर्षभर टाकेल. हट्टात ती आईवरच गेली होती. शिट्टीवाला तिला पाण्यात सोडणारच नाही, असंही होईल. मग ती तिची लाट तिच्याशिवाय येईल आणि जाईल, आणि त्याचं खापर जन्मभर एकाच माणसाच्या डोक्यावर फुटेल. आईने हे सगळं नीट समोर मांडून बघितलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

तिने शिट्टीवाल्याचा नंबर काढला. तो काय करेल ते त्याने ठरवावं, पण आपलं पहिलं वाक्य मात्र तिने आधीच जुळवून ठेवलं: उद्या तिच्या उजव्या हाताला थांबा, कॅमेऱ्यात आलात तरी चालेल.